राजपत्र कोणासाठी? लालबागच्या चाळींपासून चर्नी रोडच्या ग्रंथागारापर्यंत

१/
लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहाच्या परिसरात आज गिरण्यांच्या धुराड्यांपेक्षा कितीतरी उंच मनोरे दिसतात. एके काळी या भागाचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर उजाडत असे. परंतु इथल्या माणसांचे महागाई भत्ते आणि पुढे गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जमिनींचे भवितव्य ठरले ते छापील कागदांवर. शासनाचे राजपत्र, निर्देशांकाचे तक्ते, समित्यांचे अहवाल हे ते कागद. त्यांच्या छपाईचा, मालकीचा आणि वाचनाचा हा इतिहास.

२/
शासकीय प्रकाशनांविषयी बोलताना तीन प्रश्नांची नेहमी गल्लत होते. पहिला प्रश्न, छापतो कोण? दुसरा, छापलेल्या मजकुराची मालकी कोणाची? तिसरा, तो सामान्य माणसाला परवडेल आणि समजेल अशा रीतीने मिळतो का? सरकारने आपले मुद्रणालय खासगी कंपनीला विकले, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलते. उरलेल्या दोहोंची उत्तरे बदलावीत की नाही, यावरच जगभर वाद झाला आहे. मुंबईने मात्र हा प्रवास उलट्या दिशेने केला. येथे आधी खासगी छापखाने होते, सरकारी मुद्रणालय नंतर आले.

३/
अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत वृत्तपत्रे निघू लागली. १७८९ मध्ये ‘बॉम्बे हेरल्ड’, १७९० मध्ये ‘बॉम्बे कुरियर’, १७९१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’. ही पत्रे खासगी मालकीची होती. पण ईस्ट इंडिया कंपनीचे हुकूम, जाहिरनामे आणि नेमणुका त्यांतूनच प्रसिद्ध होत. सरकारी जाहिरातींचे उत्पन्न हा त्यांचा मोठा आधार होता. सरकारचा शब्द लोकांपर्यंत पोहोचवण्याचे काम अशा रीतीने आरंभी व्यापारी छापखान्यांकडे होते. त्याचा वाचकवर्गही ठरलेला होता: इंग्रजी जाणणारे अधिकारी आणि व्यापारी.

४/
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारी कामाचा व्याप वाढला. जमीनमहसूल, पाटबंधारे, संस्थानांशी झालेले करार, रोगराई या विषयांवरील कागदपत्रे निवडून ‘सिलेक्शन्स’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागली. त्यांतील अनेक खंडांच्या मुखपृष्ठावर ‘सरकारसाठी मुद्रित’ असे लिहिलेले असे आणि खाली छापखान्याचे नाव असे भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटी प्रेसचे. लालबागहून चालत जाण्याच्या अंतरावर असलेला हा छापखाना एका शिक्षणसंस्थेचा होता, सरकारचा नव्हता.

५/
पुढे सरकारने स्वतःचे मध्यवर्ती मुद्रणालय उभे केले. या मुद्रणालयाचे सर्वांत प्रसिद्ध काम म्हणजे जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेले ‘गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी’. १८७७ ते १९०४ या काळात त्याचे २७ खंड ३४ भागांत प्रसिद्ध झाले. पुणे, सातारा, रत्नागिरी, ठाणे अशा जिल्ह्यांची भूरचना, शेती, जाती, व्यापार, स्थळे यांची इतकी तपशीलवार नोंद तोवर कोणीच केली नव्हती. राज्यकर्त्यांनी ती स्वतःच्या सोयीसाठी केली. आज तिचा सर्वाधिक उपयोग मात्र इतिहासाचे विद्यार्थी करतात.

६/
याच मालिकेतील एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. खुद्द मुंबई शहराचे गॅझेटिअर १९०९-१० मध्ये तीन खंडांत निघाले. त्याचे संकलन एस. एम. एडवर्ड्स या सनदी अधिकाऱ्याने सरकारी आदेशाने केले, पण छपाई झाली ती टाइम्स प्रेसमध्ये, म्हणजे खासगी छापखान्यात. यामुळे त्या ग्रंथाचे अधिकृतपण तिळभरही कमी झाले नाही. अधिकृतपणा छापखान्याच्या पाटीवरून ठरत नाही. मजकुराची जबाबदारी कोण घेतो, यावरून तो ठरतो.

७/
मग राजपत्र इतके महत्त्वाचे का? याचे उत्तर १९५१ च्या एका निकालात आहे. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये अफूविषयी एक कायदा ठराव करून मंजूर केला, पण तो कधीच राजपत्रात किंवा अन्यत्र प्रसिद्ध केला नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्याच कायद्याखाली ५० रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल लिहिला.

८/
निकालाचा आशय असा. बंद दाराआड केलेल्या आणि लोकांना कळवण्याचा कोणताही प्रयत्न न झालेल्या कायद्यासाठी माणसाला शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. कायदा लागू होण्यापूर्वी तो कोणत्या तरी ओळखता येणाऱ्या मार्गाने जाहीर झालाच पाहिजे. हरलाची शिक्षा रद्द झाली. ‘कायदा माहीत नव्हता’ ही सबब चालत नाही, हे तत्त्व सर्वांना ठाऊक असते. त्याची दुसरी बाजू या निकालाने ठामपणे मांडली: कायदा माहीत करून देणे हे राज्याचे कर्तव्य आहे.

९/
या तत्त्वाची कसोटी मुंबईतच लागली. रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या वाहतुकीवर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली आणि ती २४ नोव्हेंबर १९६२ रोजी भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली. मेयर हान्स जॉर्ज हा जर्मन प्रवासी २७ नोव्हेंबरला झुरिचहून मनिलाला निघाला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचे विमान सांताक्रूझला उतरले. त्याच्या जाकिटात ३४ किलो सोने सापडले. त्याचा बचाव असा की, तीन-चार दिवसांपूर्वी दिल्लीत छापलेले राजपत्र झुरिचमधील माणसाने वाचावे तरी कसे?

१०/
मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने तो निर्णय फिरवला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत मात्र वेगळे होते. बहुमताचे म्हणणे असे की, भारतात नेहमीच्या रीतीने, म्हणजे राजपत्रातून, प्रसिद्धी झाली की ती पुरेशी मानली जाईल. शिक्षा भोगलेल्या काळापुरती कमी झाली. तत्त्व मात्र कायम राहिले. राजपत्रात छापले गेले म्हणजे ते सर्वांनी वाचले, असे कायदा गृहीत धरतो.

११/
हे गृहीतक न्याय्य ठरायचे असेल, तर एक अट पाळावी लागते. राजपत्र प्रत्यक्षात मिळाले पाहिजे, परवडले पाहिजे, समजले पाहिजे. ज्या मजकुराचे वाचन नागरिकावर लादले आहे, तो मजकूर नागरिकापासून दूर ठेवता येत नाही. शासकीय प्रकाशन ही इतर पुस्तकांसारखी विक्रीची वस्तू का नाही, याचे मूळ इथे आहे. आणि या अटीचे मोल किती, हे गिरणगावाच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

१२/
१९२१ मध्ये मुंबई सरकारने कामगार कार्यालय स्थापन केले. त्याच वर्षी ‘लेबर गॅझेट’ हे मासिक सुरू झाले. धान्य, डाळी, रॉकेल, कापड, घरभाडे यांच्या किमती गोळा करून कामगारवर्गाच्या राहणीमान-खर्चाचा निर्देशांक त्यात दरमहा छापला जाई. कार्यालयाचे पहिले संचालक फिंडले शिरास यांनी मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीतील एका खोलीत राहणारे कुटुंब ज्वारी-तांदळावर किती, भाड्यावर किती आणि सावकाराच्या व्याजावर किती खर्च करते, हे प्रथमच आकड्यांत मांडले गेले.

१३/
हा निर्देशांक अर्थशास्त्राच्या वर्गापुरता राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धात किमती भडकल्या, १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी गिरण्यांत संप झाला आणि पुढे गिरणी कामगाराच्या महागाई भत्त्याची सांगड या निर्देशांकाशी घातली गेली. त्यामुळे एका सरकारी मासिकातील आकडा एक-दोन अंकांनी वर-खाली झाला, तरी लालबाग-परळमधल्या लाखो कुटुंबांच्या महिन्याच्या हिशेबात फरक पडे. पगाराच्या दिवशी पाकिटात काय येणार, हे त्या पानावर ठरत असे.

१४/
मग तो आकडा चुकीचा निघाला तर? १९६० च्या दशकारंभी कामगार संघटनांनी नेमका हाच आक्षेप घेतला. बाजारातील भाव वाढत असताना निर्देशांक मात्र त्या मानाने वाढत नाही, जुन्या मालिकेवरून नव्या मालिकेकडे जाताना कामगाराचे नुकसान होते, असे त्यांचे म्हणणे होते. १९६३ मध्ये हा प्रश्न मुंबईतील मोठ्या आंदोलनाचा विषय झाला. महाराष्ट्र सरकारने अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीला निर्देशांकाच्या रचनेत दोष आढळले आणि तिने दुरुस्त्या सुचवल्या.

१५/
या घटनेचा धडा मोठा आहे. निर्देशांक केवळ फाइलीत राहिला असता, तर तो चुकला असे म्हणायलाही आधार उरला नसता. तो छापील होता. कोणत्या वस्तू धरल्या, कोणते भाव घेतले, जुने वर्ष आणि नवे वर्ष कसे जोडले, हे पडताळून पाहता येत होते. मासिक इंग्रजीत होते आणि बहुसंख्य कामगारांना ते वाचता येत नव्हते, हेही खरे. परंतु संघटनांचे कार्यकर्ते ते वाचू शकत आणि त्याचा अर्थ गेटसभेत मराठीत सांगू शकत. प्रकाशन आणि वाचक यांच्यामध्ये असा दुवा असला, की कागद जिवंत होतो.

१६/
आता थोडे मुंबईबाहेर. ज्या ब्रिटिश परंपरेतून इथले राजपत्र आले, त्या देशात १७८६ पासून ‘हिज मॅजेस्टीज स्टेशनरी ऑफिस’ ही सरकारी संस्था होती. आरंभी तिचे काम कागद, शाई, लेखण्या स्वस्तात खरेदी करण्याचे होते. पुढे कायदे, संसदेचे कामकाज, आयोगांचे अहवाल छापून विकण्याचे काम तिच्याकडे आले. १६६५ पासून निघणारे ‘लंडन गॅझेट’ही कालांतराने तिच्या छत्राखाली आले. १९९६ मध्ये जॉन मेजर यांच्या सरकारने या संस्थेचा व्यवसाय सुमारे ५ कोटी ४० लाख पौंडांना एका खासगी गटाला विकला. नवी कंपनी ‘द स्टेशनरी ऑफिस’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

१७/
तेथे नेमके काय विकले आणि काय राखले, हे पाहण्यासारखे आहे. छपाईयंत्रे, दुकाने, कर्मचारी आणि कंत्राटे विकली गेली. परंतु शासकीय मजकुराचा स्वामित्वहक्क आणि कायदे प्रसिद्ध करण्यावरील देखरेख विकली गेली नाही. त्यासाठी जुन्याच नावाचे एक छोटे कार्यालय सरकारात ठेवले गेले. छापणारा बदलला, मालक बदलला नाही. कॅनडानेही १९९७ मध्ये आपला सरकारी मुद्रण-प्रकाशन विभाग खासगी कंपनीच्या हाती दिला.

१८/
विक्रीच्या वेळी मुख्य भीती किमतीची होती. नफ्यासाठी चालणारी कंपनी मोजक्या लोकांना लागणारा अहवाल स्वस्तात का छापील? खप कमी तर किंमत जास्त, किंमत जास्त तर खप आणखी कमी, या चक्रात छोटी ग्रंथालये आणि सामान्य वाचक प्रथम बाहेर पडतात. योगायोगाने त्याच सुमारास इंटरनेट पसरत होते. नवे कायदे आणि संसदेचे कामकाज संकेतस्थळावर विनामूल्य दिसू लागले, आणि छापील प्रतीच्या किमतीवरचा ताण काही प्रमाणात सैल झाला.

१९/
तरीही एक मोठी उणीव राहिली. संकेतस्थळावर कायदा मंजूर झाला त्या दिवशीचा मजकूर असे. नंतर झालेल्या दुरुस्त्या घालून ‘आज लागू असलेला’ कायदा वाचायचा, तर खासगी प्रकाशकांच्या महागड्या सेवा घ्याव्या लागत. सुधारित कायद्यांचा सरकारी संग्रह लोकांना विनामूल्य खुला झाला तो २००६ च्या अखेरीस. २०१० मध्ये मुक्त शासकीय परवाना आला आणि बहुतांश सरकारी मजकूर कोणालाही पुन्हा वापरता येऊ लागला. म्हणजे छापखाना विकल्यानंतर वाचकाचा हक्क पूर्ववत करायला ब्रिटनला जवळपास चौदा वर्षे लागली.

२०/
भारताने आपला शासकीय प्रकाशक असा विकला नाही. येथे तो हळूहळू आकसला. १ ऑक्टोबर २०१५ पासून केंद्राचे राजपत्र कागदावर छापणे थांबले. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील तरतुदीच्या आधारे संकेतस्थळावरील प्रसिद्धी हीच अधिकृत प्रसिद्धी ठरली. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भारत सरकारची १७ मुद्रणालये एकत्र करून पाचच ठेवण्याचा निर्णय घेतला: दिल्लीत तीन, कोलकात्यात एक आणि महाराष्ट्रात नाशिकचे एक. जमीन मोकळी करणे हा त्या निर्णयाचा एक भाग होता. गिरणगावाच्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

२१/
मालकीच्या प्रश्नावर भारतीय कायद्याची भूमिका संमिश्र आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार शासकीय कृतीवर शासनाचा ६० वर्षे हक्क असतो. मात्र त्याच कायद्यातील कलम ५२ मध्ये मोठी सूट आहे. राजपत्रातील मजकूर, विधिमंडळासमोर ठेवलेले समित्यांचे अहवाल आणि न्यायालयांचे निकाल यांचे पुनर्मुद्रण करता येते. अधिनियम भाष्यासह किंवा अन्य मूळ मजकुरासह छापता येतात. या सवलतीवरच भारतातील खासगी कायदा-प्रकाशन उभे राहिले. नागपूरहून निघणारे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ हे त्याचे मराठी मुलखातील ठळक उदाहरण.

२२/
खासगी प्रकाशकाने सरकारी मजकुरावर कितपत हक्क सांगावा, हा प्रश्न डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सुटला. निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. प्रकाशकाने स्वतः लिहिलेली टिपणे, परिच्छेदांची स्वतंत्र मांडणी अशा भागांपुरताच त्याचा हक्क. किंमत लावायची ती स्वतःच्या श्रमांवर आणि कौशल्यावर लावावी, न्यायाधीशाच्या शब्दांवर नव्हे. खासगी आणि सार्वजनिक यांच्यामधील इतकी स्वच्छ रेषा क्वचितच आखली जाते.

२३/
आता पुन्हा लालबाग. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी कायमची थंडावली आणि जमिनीचा प्रश्न पुढे आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने एक वाटणी सांगितली. गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करताना ढोबळमानाने एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक वाटा म्हाडाला घरांसाठी आणि एक वाटा मालकाला.

२४/
१९९६ मध्ये, म्हणजे लंडनमध्ये सरकारी प्रकाशक विकला गेला त्याच वर्षी, मुंबईत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिआ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने गिरणी जमिनींविषयीचा अहवाल राज्य सरकारला सादर केला. जमिनींचा सुटासुटा विचार न करता सलग भाग म्हणून नियोजन करावे, रस्ते, मोकळ्या जागा आणि रोजगार यांचा मेळ घालावा, अशी त्यामागची दृष्टी होती. तो आराखडा प्रत्यक्षात आला नाही. अहवाल लोकांसमोर अधिकृतपणे ठेवला गेला नाही, अशी टीका नगररचनेच्या अभ्यासकांनी पुढे वारंवार केली.

२५/
मार्च २००१ मध्ये नियम ५८ बदलला. नव्या शब्दरचनेनुसार वाटणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीची नव्हे, तर जी जागा बांधकामाविना मोकळी आहे तेवढ्याचीच करायची होती. गिरणीचे बहुतेक आवार शेड, गोदामे आणि खात्यांनी व्यापलेले असे. त्यामुळे सार्वजनिक वाटा एकदम आटला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपने याविरुद्ध याचिका केली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून २००१ ची दुरुस्ती वैध ठरवली.

२६/
या दोन कागदांची तुलना करावी. एक अहवाल, जो लोकांपर्यंत पोहोचू दिला गेला नाही अशी तक्रार राहिली. दुसरा नियमबदल, ज्याची अधिसूचना रीतसर निघाली, पण तिचा अर्थ शहराला उशिरा उमगला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ नुसार विकास योजनेत फेरबदल करताना राजपत्रात सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. हक्क कागदावर आहे. पण चाळीत राहणाऱ्या, गिरणी गमावलेल्या माणसाने राजपत्राच्या कुठल्या भागात, कुठल्या पानावर, कोणत्या पोटनियमातील एक शब्द शोधायचा होता? मध्यंतरी तो अर्थ सांगणाऱ्या संघटनाही संपानंतर दुबळ्या झाल्या होत्या.

२७/
शासकीय प्रकाशनाला लोकांकडून किती मागणी असू शकते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर: रायटिंग्ज अँड स्पीचेस’ ही मालिका. परळच्या बी. आय. टी. चाळीत राहिलेल्या बाबासाहेबांचे इंग्रजी लेखन राज्य शासनाने १९७९ पासून खंडशः प्रसिद्ध केले. वसंत मून यांनी दीर्घकाळ संपादनाची धुरा वाहिली. कापडी बांधणीचे जाडजूड खंड अल्प किमतीत मिळत. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर येणारे लोक पुस्तके घेऊन गावी परततात, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे.

२८/
पण मागणी असूनही खंड दुर्मीळ होत गेले. २०२१ च्या अखेरीस ‘लोकसत्ता’ने यासंबंधी बातमी दिली. नऊ लाख प्रती छापण्याचा निर्णय झाला, ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद खरेदी झाला, पण चार वर्षांत सुमारे ३३ हजार प्रतीच छापल्या गेल्या आणि उरलेला कागद गोदामात पडून राहिला, असा त्या बातमीचा आशय होता. मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. या खंडांची गरज केवळ वकिलांना नव्हे, तर सर्वसामान्य जनतेला आहे, ही न्यायालयाची भूमिका होती.

२९/
हे प्रकरण एका सोप्या समजुतीला छेद देते. खासगीकरण झाले की वाचकाचा हक्क जातो आणि मुद्रणालय सरकारी राहिले की तो आपोआप टिकतो, असे नाही. येथे प्रकाशक सरकारी, मुद्रणालय सरकारी, कागदही विकत घेतलेला. तरी पुस्तक वाचकाला मिळेना. दुसरीकडे, बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांचा स्वामित्वहक्क २०१६ अखेर संपला आणि ते ग्रंथ कोणत्याही प्रकाशकाला छापण्यास मोकळे झाले. मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत मात्र वेगळी मोजली जाते. तेथे शासनाच्या तत्परतेला अजूनही पर्याय नाही.

३०/
मग वाचकाच्या हक्काची हमी कशात आहे? काही आधार कायद्यातच आहेत. १९५४ च्या ग्रंथ प्रदान अधिनियमानुसार देशात छापलेल्या पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. मुंबईत टाउन हॉलच्या वास्तूतील मध्यवर्ती ग्रंथालय हे त्यांपैकी एक. हा कायदा शासकीय प्रकाशनांनाही लागू आहे. केवळ कार्यालयीन वापराची पुस्तके वगळली आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातील कलम ४ म्हणते की, शासनाने माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून, परवडणाऱ्या मार्गाने आणि स्थानिक भाषेचा विचार करून प्रसिद्ध करावी.

३१/
आशादायक उदाहरणेही आहेत. कॅम्पबेलच्या काळातील गॅझेटिअरचे दुर्मीळ खंड राज्याच्या दर्शनिका विभागाने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. जे पुस्तक पाहण्यासाठी पूर्वी मोठ्या ग्रंथालयाची पायरी चढावी लागे, ते आता लालबागच्या खोलीत बसून मोबाइलवर वाचता येते. तरीही संकेतस्थळ म्हणजे सर्व काही नव्हे. नुसती छायाप्रत ठेवली तर त्यातील मराठी शब्द शोधता येत नाही. दुवा बदलला तर दस्तऐवज हरवतो. कागदाची प्रत एकदा ग्रंथालयात गेली की तिथेच राहते. पडद्यावरील प्रतीला ती शाश्वती मुद्दाम द्यावी लागते.

३२/
चर्नी रोड स्थानकाजवळच्या शासकीय मध्यवर्ती मुद्रणालयाचे नाव अनेक तरुणांनी एका वेगळ्या कारणाने ऐकलेले असते. नावात बदल करायचा, तर तो राजपत्रात प्रसिद्ध व्हावा लागतो. स्वतःचे बदललेले नाव त्या पानावर शोधणारा माणूस हा राजपत्राचा बहुधा सर्वांत उत्सुक वाचक. त्याच राजपत्राच्या दुसऱ्या भागांत त्याच्या वस्तीच्या जमिनीचा, भाड्याचा, पगाराचा मजकूर असतो. तिथवर त्याची नजर सहसा जात नाही.

३३/
भायखळ्याच्या शिक्षणसंस्थेने छापले, टाइम्सने छापले, सरकारने स्वतः छापले, किंवा कोणीच न छापता संकेतस्थळावर ठेवले. छापणारे हात दोनशे वर्षांत अनेकदा बदलले आणि पुढेही बदलतील. ब्रिटनच्या अनुभवावरून दिसते की, विक्रीच्या करारात स्वामित्वहक्क आणि विनामूल्य प्रसिद्धीचे बंधन राखले तर नुकसान आटोक्यात राहते. आंबेडकर खंडांच्या प्रकरणावरून दिसते की, नुसती सरकारी मालकी पुरेशी नाही. आणि गिरणगावाच्या अनुभवावरून दिसते की, १९६३ मध्ये निर्देशांक वाचून त्यातील दोष दाखवणारे लोक होते म्हणून कामगारांना दाद मागता आली, आणि २००१ मध्ये एका वाक्यातील बदल वेळेवर वाचला गेला नाही म्हणून शहराने मोकळी जमीन गमावली.

(समाप्त)